मोठ्या पार्टीचं काम

४ जानेवारी

लेकीनं वही पाठवली आहे. सोबत फोनवर सूचना: बाबांचं काय काय होतं ते तारीख घालून लिहीत जा, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. बाबांना काही झालेलं नाही. साठी उलटल्यावर माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतोच, त्यात डॉक्टरांना दाखवण्यासारखं काय आहे? पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, कोरी ठेवणं जिवावर येतं. म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी खरंच वाचलं तर आमचं काम काय ते त्यांना कळायला हवं. खाली दुकान, वर घर. लोक बोल्ट आवळतात, जरा जास्तच आवळतात, आणि भोकातले आटे निघून जातात. मग बोल्ट नुसता गरगर फिरतो, पकडत म्हणून नाही. ते लोक तो अख्खा भाग आमच्याकडे आणून चेहरा पाडून उभे राहतात. आम्ही ते भोक किंचित मोठं करतो, त्यात नवे आटे पाडतो आणि आत तारेचं वेटोळं बसवतो. पेनात स्प्रिंग असते तसलं, पण पोलादाचं. त्याला इन्सर्ट म्हणतात. जुनाच बोल्ट पुन्हा बसतो, तोही पहिल्यापेक्षा घट्ट. कुठल्या भोकाला कुठलं इन्सर्ट घालायचं, लांब की आखूड, तारेचं की जाड नळीसारखा भरीव बुश, हे ठरवणं म्हणजेच खरं काम, आणि ते ह्यांचं. हे भोकात करंगळी घालतात, नखानं खरवडतात आणि कपाटातून नेमकं काढून आणतात. मी आटे पाडते आणि शेपट्या मोजते.

शेपटी म्हणजे वेटोळ्याच्या खालच्या टोकाची बारीक आडवी तार. तिला धरून वेटोळं फिरवत आत न्यायचं, आणि ते बसलं की ती तोडून बाहेर काढायची. आत राहिली तर एखाद्या इंजिनाची वाट लागते. म्हणून मी दुकानात यायला लागले तेव्हाच नियम केला: तोडलेली शेपटी डब्याच्या झाकणात टाकायची, आणि जितकी भोकं तितक्या शेपट्या भरल्याशिवाय काम उंबऱ्याबाहेर जाणार नाही. हे तेव्हा म्हणाले होते, "डावरे, तू पोलिसात जायची ती चुकून इकडे आलीस." मी डावखुरी, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून डावरी. माझं खरं नाव ह्यांना आठवतं की नाही, मला शंकाच आहे.

९ जानेवारी

आज एका पंपाच्या भोकात ह्यांनी करंगळी घातली आणि बराच वेळ काढलीच नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, विचार करतोय. मग चक्क मला विचारलं, तुला काय वाटतं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मनातून टुम्म फुगले. म्हटलं, ह्या पंपाचं झाकण सारखं उघडावं लागणार, बोल्ट रोज आत-बाहेर, म्हणजे भरीव बुशच बरा. तारेचं वेटोळं बोल्टाबरोबर निघून यायचं. "मलाही तेच वाटत होतं," हे म्हणाले आणि कपाटाकडे गेले. कपाटापाशी उभे राहून कुठला खण ते पुन्हा विचारलं.

उशिरा का होईना, माझी किंमत कळली म्हणायची. लेकीला फोनवर सांगितलं, तर तिनं खणाचं तेवढं दोनदा विचारलं. आईचं कौतुक पोरांना सहन होत नाही.

१८ जानेवारी

शाळेच्या बसचे ड्रायव्हर आले होते, आम्ही त्यांना बसवाले भाऊ म्हणतो. बसचा स्टिअरिंगचा बॉक्स घेऊन आले. अॅल्युमिनियमचा आहे, चार बोल्टांवर सांगाड्याला धरलेला असतो, आणि चारही भोकांचे आटे गेले होते. बॉक्स सुटला तर चाक फिरवलं तरी गाडी वळणार नाही. भाऊ म्हणाले, वहिनी, पन्नास पोरं असतात मागे, जरा बघून करा. मी म्हटलं, आमच्याकडे न बघता कधी केलंय?

आटे मी पाडून दिले. इन्सर्ट ह्यांनी बसवले, मी तेवढ्यात वर जाऊन स्वयंपाक उरकला. खाली आले तर झाकणात चार शेपट्या. मोजल्या, भाऊंना बॉक्स देऊन टाकला. हल्ली ह्यांना कामाला दुपटीनं वेळ लागतो. टेबलावरचा दिवा पिवळा पडलाय, त्यात कुणाला दिसणार? उद्या जास्त उजेडाचा आणते.

२३ जानेवारी

चप्पलसुद्धा न काढता लिहितेय, अक्षर वाईट येईल.

नव्या दिव्यात कपाट आवरायला घेतलं. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे लांब इन्सर्ट मागच्या महिन्यात मागवले होते, त्याचं पाकीट तसंच बंद. शेजारचं आखूड इन्सर्टचं पाकीट मात्र फोडलेलं, त्यातले चार गेलेले. दहाचं काम ह्या महिन्यात एकच आलं, ते बसचं. मी तिथेच स्टुलावर बसले. बिडाच्या लोखंडात आखूड चालतं, बीड कडक असतं. अॅल्युमिनियमला लांबच लागतं. मला हे ह्यांनीच शिकवलं. तेव्हा म्हणाले होते, "मऊ आहे ते, त्याला धरायला जास्त आटे दे." आखूड घातलं तरी बोल्ट आवळला जातो, बाहेरून सगळं छान दिसतं, आणि मग एखाद्या खड्ड्यात आट्यांसकट उपटून येतं. शेपट्या तर चारच असतात, आखूड असो की लांब. माझ्या झाकणाला ते कळायचं कसं?

रिक्षा केली आणि शाळेच्या फाटकाशी गेले. सुटायची वेळ झाली होती, पोरं बसमध्ये चढत होती. बसवाले भाऊ दारात उभे राहून दप्तरं वर घेत होते. त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, भाऊ, गाडी हलवू नका. आम्हाला इन्सर्टचा माल खराब आला होता, सगळे परत बोलावतोय. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, "पोरांनो, उतरा खाली. आज दुसरी गाडी." पोरांनी आनंदानं एकच कल्ला केला.

घरी परत येताना मला रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्यानं एकदा आरशात बघितलं.

२४ जानेवारी

भाऊ सकाळीच बॉक्स टाकून गेले. हे आंघोळीला गेल्यावर करायचं असं मी ठरवलं होतं, पण हे तसेच खाली आले. म्हणाले, हे आपलंच काम ना, परत का आलं? मी म्हटलं, भोकात धातूचा कीस राहिला होता म्हणे. ह्यांनी करंगळी घातली. ती अजून पूर्वीसारखीच चालते, जराही चुकत नाही. एकदम माझ्याकडे वळले.

"अॅल्युमिनियमला आखूड कुणी घातलं?"

मी मान खाली घातली. मग त्यांना वाटायचं तेच वाटलं. "डावरे, तुला किती वेळा सांगितलं? ह्याच्यावर माणसं बसतात. तुझ्या चुकीनं कुणाचा जीव जायचा." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हताश झाल्यासारखे मान हलवत राहिले, इतक्या वर्षांत माझ्यामुळे एवढे हताश झालेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं, चुकले म्हटलं, आणि चारही वेटोळी उपसून लांब बसवली. हे शेजारी उभं राहून एकेक तपासत होते. शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणाले, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

संध्याकाळी मी लेकीला फोन केला आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं.

३ फेब्रुवारी

लेक रजा काढून आली, तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ह्यांना तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. ह्यांना एकही आठवला नाही, पण म्हणाले, तुमच्या ह्या स्टुलाच्या एका पायाचे आटे गेलेत, कुणीतरी पडेल. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, खरंच गेले होते. आम्ही सगळे हसलो, हेही हसले. मग ह्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे. ज्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ते आता ह्यांच्या हातात देऊ नका.

लेक म्हणते, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. चुकीचं बोलत नाही ती. वही मात्र मी डॉक्टरांपुढे काढली नाही. त्यात मी बरंच वेड्यासारखं लिहिलंय.

१२ फेब्रुवारी

काम घेणं थांबवलं. गिऱ्हाईक आलं की मी फुटपाथवरच गाठते आणि दुसरीकडे पाठवते. हे रोज वेळेवर खाली येतात, टेबल पुसतात, आटे पाडायचे टॅप मांडतात, हँडलला तेल देतात आणि हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत बसतात. मधूनमधून विचारतात, आज काही नाही? मी म्हणते, बाजार मंद आहे. काल म्हणाले, "लोक आपल्यावर नाराज आहेत का गं? त्या बसच्या कामावरून?" मी नाही म्हटलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. जेवण अर्धं झालंय. दाढी करायची राहते. आजारानं जेवढे खचले नाहीत तेवढे रिकाम्या टेबलानं खचलेत, हे मला डोळ्यांनी दिसतंय.

१७ फेब्रुवारी

भंगारातून अॅल्युमिनियमचा ठोकळा आणला. त्याला दहाची पाच भोकं पाडली, आटे पाडले, आणि मग तेच आटे मोडायला बसले. मोठा बोल्ट तिरका लावून पान्यानं रेटायचा की आटे जातात. आयुष्यभर लोकांना ज्याबद्दल नावं ठेवली ते स्वतः करताना हात पुढे होईना. पहिल्या भोकाला तर मी सॉरी म्हटलं.

ह्यांना सांगितलं, मोठी पार्टी मिळालीये. रोज एक ठोकळा येणार, पाच भोकं, घाई नाही, पण काम चोख हवं. ह्यांनी करंगळी घातली, डोळे मिटले, आणि उठून कपाटाकडे गेले. खण उघडायच्या आधी वर जाऊन दाढी करून आले.

२६ फेब्रुवारी

दुकानात शीळ ऐकू येते. गाणं एकच, तेही अर्धंच येतं, पण येतं.

हे जेवून वर झोपले की मी खाली वेटोळी उपसते आणि भोकं बिघडवते. दुसऱ्या दिवशी तोच ठोकळा, सँडपेपर मारून, नवा म्हणून पुढे. कधी लांब घालतात, कधी आखूड, कधी बुश. सगळं चालतं, कारण ह्या ठोकळ्यावर कुणी बसत नाही. मी जवळ उभी राहून म्हणते, वा. लेकीला हे सांगितल्यावर ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, आई, तुझ्यासारखी लबाड बाई मी पाहिली नाही. मला ते आवडलं.

७ मार्च

पाच भोकं आणि झाकणात तीनच शेपट्या. टेबलाखाली, फटीत, केरात सगळीकडे शोधलं. उरलेल्या दोन ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात निघाल्या, धुवायला टाकताना बोटाला टोचल्या तेव्हा. दुसरा ठोकळा आणावा लागला. पहिल्याची भोकं बिघडवून-दुरुस्त करून इतकी मोठी झाली होती की दोन भोकांच्या मधली भिंत कागदाएवढी राहिली. तिथे आता कुठलंच इन्सर्ट बसणार नाही. टाकवला नाही, कपाटामागे ठेवलाय.

२१ मार्च

आज पकडलीच जाणार होते. ह्यांनी ठोकळा उजेडाकडे धरला, पाचही भोकांतून बघितलं आणि म्हणाले, "हे आटे गेलेले नाहीत. घालवलेत."

मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाले, बघ ना, बोल्ट प्रत्येक वेळी एकाच अंगाला कलता घुसवलाय. उजव्या हातानं असं होत नाही, हे डावऱ्या माणसाचं काम आहे. मग ठोकळा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या फडक्याला हात पुसत बसले. शेवटी म्हणाले, "चहा टाक. पार्टीला नाही म्हणू नकोस. चांगली पार्टी आहे."

वाचले. तेवढं कळलं आणि लगेच पुसलंही गेलं असणार. ह्या आजाराचा कुणाला काही फायदा झाला असेल तर तो आज मला झाला.

२ एप्रिल

आवरायचं पार विसरलेत. पूर्वी दिवस संपला की एकेक वस्तू आपल्या जागी जायची. आता ठोकळा तसाच टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत घट्ट बसवून जातात, मोठा बोल्ट शेजारी, आणि पाना व्हाइसच्या डाव्या अंगाला. ह्यांना तो कधी डावीकडे लागतच नाही. उजवं-डावंसुद्धा गेलं म्हणायचं. मला बिघडवायला सोयीचं पडतं ही गोष्ट वेगळी.

झोपेचं मात्र बरं आहे. आधी मागे लागावं लागायचं, हल्ली जेवून हात धुतले की स्वतःहून जातात. जिन्यातून सांगतात, मी झोपतोय हं, लवकर उठायचा नाही. आणि दार इतकं धाडकन लावतात की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

१६ एप्रिल

जेवताना मला म्हणाले, तुम्ही घ्या ना अजून. मला वाटलं थट्टा करतायत, मीही म्हटलं, आपणच घ्यावं. हसले नाहीत. पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होते, अगदी अदबीनं. थोड्या वेळानं डावरे, मीठ दे म्हणाले तेव्हा मी मिठाची बरणीच त्यांच्यापुढे ठेवली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

लेक म्हणते, असं होणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. सांगितलं होतं, पण माझं होईल असं कुठे वाटलं होतं. मला वाटायचं नावं जातील, तारखा जातील, रस्ते जातील. मी कशी जाईन?

५ मे

सकाळी खाली गेले तर हे आधीच टेबलाशी होते. मला बघून उठून उभे राहिले. "या. तुम्ही नवीन आलात का?"

मी हो म्हटलं. नाही म्हणून काय मिळालं असतं?

त्यांनी मला स्टूल दिलं, फडक्यानं पुसून. मग काम समजावून सांगितलं, मला तेव्हा सांगितलं होतं तसंच: बिडाला आखूड चालेल, अॅल्युमिनियमला लांब, सारखं उघडायचं असेल तिथे बुश. शेपटी तोडली की झाकणात. "शेपट्या मोजल्याशिवाय काम सोडायचं नाही हं. आमच्या हिचा नियम आहे, आणि ती फार कडक आहे." मी म्हटलं, बरं. त्यांनी दोन इन्सर्ट बसवले. हात संथ चालत होता, पण चालत होता. तिसऱ्या भोकाशी थांबून त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि माझ्याकडे वाकले.

"अजून एक सांगून ठेवतो. ही पार्टी आहे ना, तशी कुणी पार्टी नाही. ही आमचीच करते. दुपारी मी वर गेलो की बिघडवते आणि सकाळी मी दुरुस्त करतो. मला रिकामं बघवत नाही तिला. तिला वाटतं मला कळत नाही." पुढचं इन्सर्ट भोकावर धरून म्हणाले, "तिला कळू देऊ नका. तिला तेवढंच बरं वाटतं."

मी म्हटलं, नाही कळू देणार.

मग त्यांनी उरलेली तीन भोकं केली. मी झाकण पुढे धरलं, पाच शेपट्या झाल्या. वा, मी म्हटलं. ते लाजल्यासारखे हसले आणि म्हणाले, ती आली की तिलाही दाखवा.

लेकीचा फोन आला, तिला यातलं काही सांगितलं नाही. ही वहीसुद्धा आता डॉक्टरांना दाखवायची नाही.

जेवून हात धुतल्यावर ते जिन्याकडे गेले. पायरीवरून मोठ्यानं म्हणाले, मी झोपतोय हं, लवकर उठायचा नाही. वर दार धाडकन लागलं. खाली ठोकळा व्हाइसमध्ये घट्ट बसवलेला होता आणि बोल्ट शेजारी ठेवला होता. मी पान्यासाठी डावा हात पुढे केला. पाना तिथेच होता.